संगीत सर्व्हर, मुक्त-स्रोत

स्वतःच्या संग्रहातील गाण्यांच्या फाइली घरच्या किंवा भाड्याच्या संगणकावर ठेवून त्या इंटरनेटवरून मोबाइलवर वा ब्राउझरमध्ये ऐकवणारे सॉफ्टवेअर.

या प्रकाराचा आरंभ आइसकास्टपासून (१९९० च्या दशकाची अखेर) धरता येईल; परंतु त्यात आकाशवाणीप्रमाणे एकच प्रवाह सर्वांना जातो, श्रोत्याला गाणे निवडता येत नाही. म्हणून २००१ च्या सुमारास पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत लिहिलेल्या अँपॅशला आद्यत्व देणे अधिक सयुक्तिक वाटते. मात्र आजच्या बहुतेक सर्व्हरांवर ठसा आहे तो सबसॉनिकचा. सिंद्रे मेहुस या नॉर्वेजियन प्रोग्रामरने जावात लिहिलेले हे सॉफ्टवेअर साधारण २००५ मधले. २०१६ मध्ये सहाव्या आवृत्तीपासून त्याचा स्रोत (प्रोग्रामची मूळ संहिता) सर्वांसाठी बंद झाला. आधीच्या खुल्या संहितेवरून लिब्रेसॉनिक आणि त्यातून २०१७ मध्ये एअरसॉनिक निघाले. गो भाषेत नव्याने लिहिलेले नॅव्हिड्रोम या वंशातले नव्हे, पण सबसॉनिकचीच एपीआय (प्लेअर आणि सर्व्हर यांच्या संवादाची ठरीव पद्धत) पाळते. त्यामुळे जुनी प्लेअर अ‍ॅप त्याच्याशी जोडता येतात.

या एपीआयतील एक उणीव निवडीच्या वेळी ध्यानात घ्यावी. १.१३.० आवृत्तीपासून अ‍ॅप सहसा पासवर्ड थेट पाठवत नाही. त्याला यादृच्छिक सॉल्ट (ऐनवेळी बनवलेला अक्षरसमूह) जोडून निघालेला एमडी५ हॅश (मजकुरावरून गणिताने काढलेला, उलट न फिरणारा संकेत) पाठवते. पडताळणीसाठी सर्व्हरलाही तोच हॅश काढावा लागतो, म्हणून मूळ पासवर्ड परत मिळेल अशाच रूपात साठवणे भाग पडते. एकमार्गी हॅशची सुरक्षित रीत येथे चालत नाही. ईमेलचा वा बँकेचा पासवर्ड येथे मुळीच वापरू नये. ओपनसबसॉनिक या विस्तारात एपीआय-कीची (पासवर्डऐवजी वापरायच्या स्वतंत्र किल्लीची) तरतूद आहे, पण ती सर्वत्र पोहोचलेली नाही.

चित्रपट-मालिकाही हव्या असल्यास जेलिफिन (२०१८, एम्बी या मीडिया सर्व्हरची शाखा) घ्यावे. केवळ संगीतासाठी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावरही सहज चालणारे नॅव्हिड्रोम बरे.

नॅव्हिड्रोमची मांडणी फोल्डरांवर नव्हे, फाइलींतील टॅगांवर (गाणे, कलाकार, अल्बम यांच्या नोंदींवर) बेतलेली असते. ख्याल वा नाट्यपदांच्या संग्रहात हे निर्णायक ठरते. कॅसेटवरून उतरवलेल्या फाइलींना बहुधा टॅग नसतात. असलेच तर ‘भीमसेन जोशी’, ‘पं. भीमसेन जोशी’ आणि रोमन लिपीतले नाव असे तीन वेगळे कलाकार यादीत दिसतात. म्यूझिकब्रेन्झ पिकार्डसारख्या टॅग सुधारणाऱ्या साधनाने नावे आधी एकसारखी करून घ्यावीत. राग आणि ताल यांसाठी रूढ टॅग नाहीत. फ्लॅक (ध्वनीचा दर्जा न घटवता साठवणाऱ्या) फाइलीत ते स्वतः घालता येतात आणि सेटिंगमध्ये नोंदवल्यास नॅव्हिड्रोमच्या अलीकडच्या आवृत्त्या ते वाचतात.