संगीतकाराचे कागद आणि चर्चचे दप्तर

शिकागोच्या पिलग्रिम बॅप्टिस्ट चर्चला ६ जानेवारी २००६ रोजी, छताची दुरुस्ती चालू असताना, आग लागली आणि दगडी भिंती तेवढ्या उरल्या. गॉस्पेल संगीताचे, म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकी चर्चमधील भक्तिसंगीताचे, जनक मानले जाणारे थॉमस ए. डॉर्सी यांनी १९३२पासून अनेक दशके येथील संगीताची धुरा वाहिली होती, आणि त्यांच्या गाण्यांच्या मूळ प्रतीही या आगीत गेल्या. त्यांच्या कागदपत्रांचा एक संग्रह मात्र नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठात असल्यामुळे सुरक्षित राहिला.

चर्चमध्ये आयुष्य घालवलेल्या संगीतकाराच्या मागे दोन प्रकारचे कागद उरतात, आणि बहुधा एकाच कपाटात असल्यामुळे ते एकच समजले जातात. गाण्यांची हस्तलिखिते, पत्रे, प्रकाशकांशी झालेले करारनामे हे त्याचे वैयक्तिक कागद होत; त्यांवर त्याच्या पश्चात वारसांचा हक्क असतो. गायकवृंदाची हजेरी, सभांची इतिवृत्ते, मानधनाच्या नोंदी, उपासनेची छापील पत्रके हे चर्चचे दप्तर. संगीतकार गेला तरी ते वाढतच राहते. कागद कोणाविषयी आहे यावरून येथे निवाडा होत नाही, तो कोणी आणि कोणत्या कामासाठी तयार केला किंवा जपला यावरून होतो. त्यामुळे एकाच नेमणूकपत्राची घरी आलेली प्रत वैयक्तिक ठरते आणि कार्यालयात राहिलेली प्रत दप्तरात मोडते.

खरी पंचाईत होते ती गायकवृंदाच्या छापील स्वरलेखनाच्या प्रतींची. त्या चर्चने विकत घेतलेल्या असतात, पण समासातील पेन्सिलच्या खुणा संगीतकाराच्या असतात. गॉस्पेलमध्ये छापील पान हा केवळ सांगाडा असतो. कोठे लय सैल सोडायची, कोणती ओळ पुन्हा घ्यायची हे तालमीतच ठरते. म्हणून अशी खूण, माझ्या मते, कोऱ्या छापील प्रतीपेक्षा कितीतरी मोलाची आहे. ‘जादा प्रती’ म्हणून गठ्ठा रद्दीत देण्याआधी प्रत्येक प्रत उलगडून पाहावी. खुणा असलेली प्रत चर्चच्या दप्तरातच ठेवावी, मात्र संगीतकाराच्या कागदांच्या सूचीत तिची नोंद करावी.

दोन्ही प्रकारच्या कागदांचा मूळ क्रम मोडू नये, गंजलेल्या टाचण्या काढाव्यात, कागद आम्लमुक्त वेष्टनात ठेवावेत; एवढ्यापुरती काळजी सारखीच. दानपत्र करताना मात्र एक गोष्ट स्वतंत्रपणे लिहून घ्यावी: हस्तलिखित ग्रंथालयाला दिले म्हणजे गाण्याचा स्वामित्वहक्कही दिला, असे होत नाही.