कॉपी झटक्यात होते, मग पट्टी का अडते? थ्रूपुट आणि लेटन्सीमधला फरक

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा हंगाम ऐन भरात असताना एका आडत दुकानातून दिवाणजींचा फोन आला. "अहो, काल आठ जीबीचा बॅकअप मिनिटभरात कॉपी झाला की हो. मग शेतकऱ्याची पट्टी काढायला दहा-दहा सेकंद का लागत्यात? डिस्क चांगली हाय का वाईट, एकदा सांगा तरी!" पट्टी म्हणजे शेतकऱ्याच्या विकलेल्या मालाचं बिल. दुकानाचा सगळा हिशेब एका व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे खऱ्या संगणकाच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकात, चालतो. दिवाणजींच्या दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. घोळ 'डिस्कचा वेग' या एकाच शब्दात होता, कारण त्यात दोन वेगळी मापं दडलेली असतात.

थ्रूपुट म्हणजे एका सेकंदात किती माल सरकला. लेटन्सी म्हणजे एक मागणी केल्यापासून ती हातात पडेपर्यंत किती वेळ गेला. वखारीत बघा. एकाच थप्पीची शंभर पोती ट्रकमध्ये चढवायची असतील तर हमालांची रांग लागते आणि काम भराभर उरकतं. पण व्यापाऱ्याने शंभर वेगवेगळ्या थप्प्यांमधून मूठ-मूठ नमुना मागितला, आणि एक नमुना बघितल्याशिवाय पुढची थप्पी कोणती ते सांगितलंच नाही, तर? माल जेमतेम काही किलो, पण सकाळ सगळी चालण्यात जाते. जास्त हमाल लावूनही उपयोग नाही.

फिरत्या हार्ड डिस्कवर हे 'चालणं' मोजता येतं. मिनिटाला ७२०० फेरे मारणाऱ्या डिस्कचा एक फेरा सुमारे ८.३ मिलिसेकंदांचा. हवी ती जागा खाली यायला सरासरी अर्धा फेरा, शिवाय हेड सरकायला आठ-नऊ मिलिसेकंद. म्हणजे एका विखुरलेल्या वाचनाला साधारण १२-१३ मिलिसेकंद, सेकंदाला जेमतेम ८० वाचनं. प्रत्येक वाचन ४ केबीचं धरलं तर सेकंदाला ३२० केबी! तीच डिस्क सलग फाइल मात्र सेकंदाला १५० एमबीने सहज देते. पट्टी काढताना शेतकऱ्याचं खातं, वजन, हमाली, तोलाई, उचल असं एकामागून एक शोधलं जातं. अशी ६०० छोटी वाचनं झाली तर सात सेकंद तिथेच गेले.

म्हणून मोठी फाइल कॉपी करून डिस्क तपासू नका, असं मी कळकळीने सांगतो. त्यात मेमरीतला कॅशही (वापरलेल्या माहितीचा तात्पुरता साठा) हातभार लावतो आणि आकडा आणखी फुगतो. लिनक्सवर फायो (fio) हे डिस्क मोजायचं साधन वापरा: ४ केबीचे तुकडे, विखुरलेलं वाचन, रांगेत एकच मागणी, कॅश वगळून. विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून डिस्कचा 'ॲव्हरेज रिस्पॉन्स टाइम' बघा. डिस्क १०० टक्के व्यस्त, प्रतिसादाचा वेळ पन्नास-साठ मिलिसेकंद, आणि वेग सेकंदाला १ एमबीच्या आसपास, असं चित्र दिसलं तर दुखणं लेटन्सीचं आहे.

व्हर्च्युअल मशीनमध्ये हे दुखणं कुठून येतं ते कळायला दोन्ही ठिकाणी मोजावं लागतं, आतल्या मशीनमध्ये आणि खालच्या होस्टवर, म्हणजे ज्या खऱ्या संगणकावर ते चालतं त्यावर. होस्ट लिनक्सचा असेल तर तिथे आयोस्टॅट (iostat) या साधनातले 'अवेट'चे आकडे, म्हणजे एका मागणीला लागलेला सरासरी वेळ, बघा. दोन्हीकडे वेळ जास्त असेल तर खरी डिस्कच दमली आहे, बहुधा शेजारचं एखादं मशीन तिला पिळतंय. होस्टवर कमी आणि आत जास्त असेल, तर मधल्या थरात, म्हणजे दोघांना जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, बघा.

त्या दुकानात दोन्ही सापडलं. त्याच डिस्कवर दुसरं मशीन सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करत होतं. शिवाय कधीतरी अपडेटच्या आधी घेतलेले तीन स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपून ठेवलेली स्थिती) तसेच पडून होते. स्नॅपशॉट घेतला की जुनी फाइल गोठते, नवं लिखाण वेगळ्या फाइलीत जातं, आणि एखादी जागा वाचायची तर वरच्या थरापासून खाली शोधत जावं लागतं. डिस्कचा कंट्रोलरही, म्हणजे मशीनला डिस्कशी जोडणारा भाग, जुन्या आयडीई प्रकारचा होता. तो एका वेळी एकच मागणी हाताळतो. व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेला व्हर्टआयओ हा प्रकार मागण्या गठ्ठ्याने पुढे पाठवतो. विंडोजमध्ये आयडीईवरून व्हर्टआयओवर जायचा बदल थेट करू नका, मशीन सुरूच होणार नाही. आधी व्हर्टआयओची एक छोटी दुसरी डिस्क जोडा, तिचा ड्रायव्हर बसू द्या, मग मुख्य डिस्क बदला.

थ्रूपुटचं दुखणं याच्या उलट दिसतं: पट्ट्या पटापट निघतात, पण रात्रीचा बॅकअप लांबतो. क्लाउडवर तर दोन्ही मर्यादा वेगळ्या लिहिलेल्या असतात. ॲमेझॉनच्या जीपी३ डिस्कला मुळात सेकंदाला ३००० मागण्या आणि १२५ एमबी मिळतात. ४ केबीचे तुकडे असतील तर ३००० मागण्यांत १२ एमबीच होतात, म्हणजे पहिली मर्यादा आधी लागते. मोठ्या तुकड्यांना दुसरी.

एका उपायापासून मात्र लांब राहा. व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कचा कॅश मोड 'अनसेफ' केला की सगळं पळायला लागतं, कारण 'डिस्कवर पक्कं लिही' हा हुकूमच पाळला जात नाही. वीज गेली की दिवसभराच्या पट्ट्या गेल्या, आणि कधी कधी अख्खा डेटाबेस.

आम्ही यार्ड बंद झाल्यावर बॅकअप घेतला, होस्टवर मोकळी जागा आहे ना ते बघितलं आणि स्नॅपशॉट व्हर्च्युअल मशीन सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमधूनच एकत्र केले. त्या फाइली हाताने कधीही उडवू नयेत. रेकॉर्डिंगला वेगळी डिस्क दिली, हिशेबाला एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली डिस्क. सकाळी सौदे सुटले तेव्हा पट्टी दीड सेकंदात निघत होती.