सुताचा कचरा आणि एसजीपीटी

अशोक चौकातल्या पॉवरलूमवर माझ्या मामांनी तीस वर्षं जॉबर म्हणून, म्हणजे मागांची देखभाल-दुरुस्ती करत काढली. परवा त्यांनी यकृतासाठी केलेल्या रक्ततपासणीचा रिपोर्ट पुढ्यात टाकला आणि हातावर पेढा ठेवला. "एसजीपीटी छत्तीस! चार वर्षांमागं ब्याण्णव होतं."

मी विचारलं, "मामा, मागाखाली सुताचा कचरा दिसेनासा झाला, तर माग झकास चाललेत म्हणायचं की बंद पडलेत?"

"माग बघितल्याबिगर कसं सांगणार?"

एसजीपीटीचं नेमकं तेच आहे. हे एन्झाइम यकृताच्या पेशीत राहतं आणि एका रेणूवरचा अमिनो गट उचलून दुसऱ्यावर बसवतं. रक्तात त्याला काहीच काम नसतं. पेशी दुखावली की ते बाहेर झिरपतं, आणि साधारण ४७ तासांत त्याचं रक्तातलं प्रमाण निम्म्यावर येतं. म्हणजे रिपोर्टमधला आकडा गेल्या काही दिवसांतली मोडतोड सांगतो. दहा वर्षांत यकृताचं काय झालं, ते त्यात नसतं.

लॅबमधलं यंत्र तरी एन्झाइम थेट कुठं मोजतं? ते त्याला कामाला लावतं. सीरममध्ये, म्हणजे रक्तातल्या पेशी काढून उरलेल्या पाण्यात, अ‍ॅलानिन हे अमिनो आम्ल घातलं की एसजीपीटी त्याचं पायरुव्हेट करतं. ते पायरुव्हेट लगेच दुसऱ्या एका एन्झाइमच्या तावडीत सापडतं आणि त्या भानगडीत एनएडीएच नावाचा रेणू खर्ची पडतो. एनएडीएच ३४० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश शोषतो. ते शोषण किती झपाट्यानं घटतं, त्यावरून छत्तीस की ब्याण्णव हे ठरतं.

जोडीला असतं एसजीओटी हे दुसरं एन्झाइम. ते हृदयात, स्नायूंत, तांबड्या पेशींतही असतं. १९५४ साली न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी ते रक्तात वाढलेलं दाखवलं, तेही हार्ट अटॅकच्या रुग्णांत! आदल्या दिवशी जिममध्ये दोनशे बैठका मारून रक्त द्यायला गेलात, तरी ते वाढलेलं दिसू शकतं. यकृताचा त्यात काही दोष नसतो.

या तपासण्यांच्या गठ्ठ्याला 'लिव्हर फंक्शन टेस्ट' म्हणतात, ते मला कधीच पटलेलं नाही. यकृत काम किती करतंय हे अल्ब्युमिन (यकृतात बनणारं प्रथिन) आणि रक्त गोठायला लागणारा वेळ सांगतात. एन्झाइमं सांगतात ती फक्त गळती. यकृतात व्रण साठत जाऊन ते कडक झालं, की गळायला धड पेशीच कमी उरतात आणि एसजीपीटी गुपचूप नॉर्मलवर येऊन बसतं. सगळ्यांचं असं होतं असं नाही. बहुतेकांच्या बाबतीत उतरलेला आकडा ही चांगलीच बातमी असते. पण मामांना दारूचा थेंब नाही तरी पंधरा वर्षांची शुगर आहे, पोट सुटलेलं आहे, आणि चार वर्षांमागंच 'फॅटी लिव्हर' निघालं होतं.

म्हणून मी रिपोर्टच्या बाकीच्या ओळी वाचल्या. एसजीओटी ४६, म्हणजे एसजीपीटीच्या वर. फॅटी लिव्हरमध्ये सुरुवातीला बहुधा उलटं असतं. प्लेटलेट १ लाख ३० हजार, म्हणजे कमीच. कडक यकृतातून रक्त नीट पुढं सरकत नाही, मागचा दाब प्लीहेवर येतो, ती फुगते आणि प्लेटलेट अडवून ठेवते. ही सगळी माहिती एकत्र बांधणारं एक सूत्र आहे, फिब-४. वय गुणिले एसजीओटी. त्याला प्लेटलेट (हजारांत) आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकारानं भागायचं. पेढ्याच्या बॉक्सच्या झाकणावरच मांडलं: ५८ गुणिले ४६ म्हणजे २६६८. खाली १३० गुणिले ६, म्हणजे ७८०. उत्तर ३.४.

१.३ च्या खाली असतं तर निवांत बसलो असतो. २.६७ च्या वर गेलं की यकृतात बरेच व्रण असण्याची शक्यता मोठी असते. खात्री मात्र या आकड्यानं होत नाही, पुढच्या तपासण्या कराव्याच लागतात.

मामांनी झाकण उलटंसुलटं करून पाहिलं. "म्हणजे माग बघायला पाहिजेत."

सोमवारी सोनोग्राफी आणि यकृताचा कडकपणा मोजणारं फायब्रोस्कॅन आहे. शुगर असताना घरात पेढे आणले कुणी, हे मामींनी अजून विचारलेलं नाही.