दमदार लाल वाईनचे मिश्रण आणि कृष्णाकाठची द्राक्षशेती

कर्नाटकातील बेळगाव जिल्ह्याच्या अथणी तालुक्यातील द्राक्ष बागायतदाराने आजवर प्रामुख्याने थॉमसन सीडलेस आणि तिच्यापासून निवडलेल्या जाती जोपासल्या; त्यातला बराच माल बेदाणा होऊन तासगाव-सांगलीच्या सौद्यात जातो. त्यामुळे एखाद्या कुटुंबाच्या वायनरीतून, म्हणजे वाईन बनवण्याच्या कारखान्यातून, येते तशी दाट लाल वाईन याच बागांतून निघू शकेल, असा समज सीमाभागात सहज होतो. वस्तुस्थिती जवळजवळ उलट आहे. खाण्याच्या द्राक्षाला जीए (जिबरेलिक ॲसिड हे वाढीचे संजीवक) देऊन मणी फुगवला जातो आणि पातळ सालीची कदर होते, तर लाल वाईनचा रंग मुख्यतः सालीतून आणि तुरटपणा सालीतून व बियांतून येत असल्याने तिला लहान मण्याची, जाड सालीची काळी द्राक्षे लागतात.

अशा द्राक्षांच्या दोन-तीन जातींच्या वाईन एकत्र करण्याची, म्हणजे मिश्रणाची, प्रथा फ्रान्समधील बोर्दो येथे रुजली, आणि तिचे मूळ चवीइतकेच हवामानाच्या धास्तीतही आहे. कॅबर्ने सोव्हिन्याँ ही काळ्या वाईनद्राक्षाची जात उशिरा पिकते आणि तिला खडीची, निचऱ्याची जमीन मानवते. मर्लो ही दुसरी जात लवकर पिकते आणि चिकणमातीतही साधते. वसंतातील हिमकडाक्याने किंवा सुगीतल्या पावसाने एकीचे नुकसान झाले, तर दुसरी हात देत असे. 19व्या शतकात तर बोर्दोचे व्यापारी अशक्त वर्षांच्या वाईनमध्ये फ्रान्समधल्याच ऱ्होन खोऱ्यातील सिरा या काळ्या द्राक्षाच्या, म्हणजेच शिराझच्या, वाईनची भर घालून तिला अंग आणत असत. पुढे ऑस्ट्रेलियाने कॅबर्ने-शिराझ ही जोडी उघडपणे आपलीशी केली.

कर्नाटकात ही जोडी ग्रोव्हर कुटुंबाने रुजवली. कंवल ग्रोव्हर यांनी 1988 मध्ये फ्रेंच तज्ज्ञ जॉर्ज व्हेसेल यांच्या साहाय्याने नंदी टेकड्यांच्या पायथ्याशी कंपनी उभी केली, नंतर बोर्दोचे मिशेल रोलाँ सल्लागार म्हणून आले, आणि ओकच्या पिंपात मुरवलेली त्यांची 'ला रिझर्व्ह' ही कॅबर्ने-शिराझ वाईन देशभर ओळखली गेली. एका कुटुंबाच्या चिकाटीचे हे फळ मला फार मोलाचे वाटते, कारण तेव्हा राज्यात वाईनसाठी स्वतंत्र धोरणच नव्हते. ते 2007 मध्ये आले, वाईन मंडळ स्थापन झाले, आणि नंदी खोऱ्याबरोबर बेळगाव, बागलकोट, विजापूरचे कृष्णा खोरेही वाईनद्राक्षांच्या नकाशावर आले.

एप्रिलची खरड छाटणी (नव्या काड्यांसाठी) आणि ऑक्टोबरच्या सुमाराची गोडी छाटणी (फळासाठी) हा आपल्याकडचा क्रम वाईनच्या वेलीलाही लागू पडतो. काढणीचा निर्णय मात्र निराळा असतो. उन्हाच्या तापाने साखर झपाट्याने चढते आणि आम्लता उतरते, पण बी अजून हिरवट असेल तर तुरटपणा कच्चाच राहतो. म्हणून केवळ रिफ्रॅक्टोमीटर या रसातली साखर मोजणाऱ्या उपकरणावर विसंबून भागत नाही, मणी फोडून बी तपकिरी झाली का आणि चावल्यावर कुरकुरते का, हे पाहावे लागते. कॅबर्ने आणि शिराझ या दोन्ही जाती एकाच दिवशी तिथवर पोहोचत नाहीत. त्यामुळे त्यांची काढणी आणि आंबवण सहसा वेगवेगळी होते, आणि कोणती किती घ्यायची हे त्या वर्षीच्या वाईन चाखूनच ठरते.