यंत्राच्या मापाने मोजलेला माणसाचा डाव

सांगलीत बुद्धिबळ जुने आहे. भाऊसाहेब पडसलगीकर यांच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने येथे खेळाडूंच्या अनेक पिढ्या घडवल्या. भाग्यश्री साठे-ठिपसे आणि स्वाती घाटे ही नावे या शहराशी जोडलेली आहेत. डाव संपल्यावर पट पुन्हा मांडायचा आणि कोठे चुकले ते जाणत्याला विचारायचे, ही खेळाडूंची जुनी रीत होती. आता त्या जाणत्याच्या जागी मोबाइलवरील इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा संगणक-प्रोग्राम, आले असून ते प्रत्येक चालीला गुण देते.

इंजिनाचा हा अधिकार सहज मान्य झालेला नाही. फेब्रुवारी 1996 मध्ये फिलाडेल्फियात विश्वविजेत्या गॅरी कास्पारॉव्हने पहिला डाव गमावूनही आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाला 4-2 असे हरवले. मे 1997 मध्ये न्यूयॉर्कला मात्र यंत्राने दुसरा सामना 3½-2½ असा जिंकला. त्यातील दुसऱ्या डावात कास्पारॉव्हने ज्या स्थितीत हार मानली, तेथे सतत शह देऊन बरोबरी साधण्याची वाट होती, असे नंतरच्या विश्लेषणात दिसले. यंत्राने इतकी साधी सुटका ठेवली नसेल, या समजुतीने तो थांबला असावा, असे मला वाटते. 2006 मध्ये बॉनला विश्वविजेत्या व्लादिमीर क्रॅमनिकला तर डीप फ्रिट्झ या इंजिनाची एका चालीतली मात दिसली नाही, आणि तोही सामना यंत्राने 4-2 असा जिंकला.

त्याच वर्षी स्लोव्हेनियातील मातेई गुइड आणि इव्हान ब्रात्को यांनी स्टाइनिट्झपासून क्रॅमनिकपर्यंतच्या विश्वविजेत्यांचे जगज्जेतेपदाच्या सामन्यांतील डाव क्राफ्टी या इंजिनाकडून तपासून घेतले. बाराव्या चालीपासून पुढे, खेळाडूची चाल आणि इंजिनाला सर्वोत्तम वाटलेली चाल यांच्या मूल्यांतील सरासरी फरक त्यांनी काढला, आणि सर्वांत कमी फरक कापाब्लांकाचा निघाला. क्राफ्टी हे काही विश्वविजेत्यांहून सरस नव्हते, तेव्हा शिष्याने गुरूची वही तपासावी तसा हा प्रकार आहे, असा आक्षेप लगेच आला. माझ्या मते त्याहून मोठी अडचण वेगळी आहे. सोप्या स्थितीत खेळणाऱ्याचा फरक आपोआप कमी दिसतो, तर विश्वविजेता मिखाइल ताल मुद्दाम पट पेटवून प्रतिस्पर्ध्याला घड्याळाच्या धाकात अडकवत असे, आणि त्याच्या धाडसाची किंमत या सरासरीत केवळ चूक म्हणून जमा होते. स्थिती किती गुंतागुंतीची होती, याचाही हिशेब संशोधकांनी स्वतंत्रपणे मांडला होता. चर्चेत मात्र क्रमवारीच तेवढी उरली.

बफेलो विद्यापीठातील केनेथ रेगन यांनी प्रश्नच बदलला. चाल सर्वोत्तम होती का, हे न विचारता, या मानांकनाचा, म्हणजे खेळाची ताकद दाखवणाऱ्या गुणांकाचा, खेळाडू या स्थितीत ती चाल निवडण्याची शक्यता किती, हे ते काढतात. फसवणुकीच्या तपासातही हीच पद्धत वापरली जाते. 2022 मध्ये तेव्हाच्या विश्वविजेत्या मॅग्नस कार्लसनने तरुण अमेरिकन ग्रँडमास्टर हान्स नीमनकडून हरल्यावर सिंकफिल्ड स्पर्धा सोडली, तेव्हा नीमनचे पटावरचे अलीकडचे डाव रेगन यांनी याच रीतीने तपासले आणि त्यांत त्यांना फसवणुकीची खूण आढळली नाही.