जिमी हॉफा: तपास ‘कुठे’मध्ये अडकला, ‘का’ केव्हाच कळलं होतं

३० जुलै १९७५, बुधवार. दुपारी सव्वाच्या सुमारास अमेरिकेतल्या ट्रकचालकांच्या टीमस्टर्स युनियनचा माजी अध्यक्ष जिमी हॉफा मिशिगनमधल्या लेक ओरियन इथल्या घरातून आपली हिरवी पॉन्टिॲक घेऊन निघाला. कॅलेंडरवर त्याने नोंद करून ठेवली होती: ‘टी. जी., दुपारी २, रेड फॉक्स’. टी. जी. म्हणजे अँथनी जियाकालोनी, डेट्रॉइटच्या माफियातला वजनदार माणूस. रेड फॉक्स हे डेट्रॉइटच्या उपनगरातलं रेस्टॉरंट. सव्वादोनला हॉफाने रेस्टॉरंटमागच्या हार्डवेअर दुकानाजवळच्या सार्वजनिक फोनवरून बायकोला फोन केला. ठरल्या वेळी कुणीच आलं नव्हतं आणि तो वैतागला होता. नंतर एका मित्रालाही त्याने तेच सांगितलं. त्यानंतर त्याचा आवाज घरच्या कुणी ऐकला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी पार्किंगमध्ये उभी होती, दारं लॉक न केलेली.

या प्रकरणावर पन्नास वर्षांत जे लिहिलं, बोललं गेलं त्यातलं बहुतेक एकाच प्रश्नाभोवती फिरतं: प्रेत कुठे आहे? स्टेडियमखाली, शेतात, भट्टीत, कचऱ्याच्या ढिगात. मला मात्र त्याआधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो. सव्वादोन वाजता फोनच्या खांबाशी ताटकळत उभा असलेला हा बासष्ट वर्षांचा माणूस इतक्या लोकांना नकोसा का झाला होता? त्याचं उत्तर बऱ्यापैकी ठाऊक आहे, आणि त्यासाठी पार १९३१ पर्यंत मागे जावं लागतं.

तेव्हा हॉफा डेट्रॉइटमध्ये क्रोगर या किराणा कंपनीच्या गोदामात रात्रपाळीला माल उतरवायचा. मजुरी तासाला ३२ सेंट, तीही प्रत्यक्ष माल उतरवतानाच्या वेळेचीच. गाडी येईपर्यंत तासन्‌तास बसून राहिलं तर त्याचे पैसे नाहीत. एका रात्री ताज्या स्ट्रॉबेरीची गाडी धक्क्याला लागली आणि हॉफा व त्याच्या सोबत्यांनी हात खाली ठेवले. स्ट्रॉबेरी थांबत नाही. तासाभरात व्यवस्थापन बोलणी करायला तयार झालं. पुढची कित्येक वर्षं ही मुलं ‘स्ट्रॉबेरी बॉइज’ म्हणूनच ओळखली गेली. वडील कोळशाच्या खाणीशी निगडित काम करायचे, ते हॉफा सात वर्षांचा असतानाच वारले. शाळा चौदाव्या वर्षाच्या आसपास सुटलेली. नाशवंत माल हातात असताना मालकाची मान कशी वाकते, हे त्या रात्री त्याला कळलं आणि तो ते कधीच विसरला नाही.

लवकरच तो टीमस्टर्स युनियनचा कार्यकर्ता झाला. टीमस्टर म्हणजे मुळात घोड्यांची गाडी हाकणारा, आपल्या भाषेत गाडीवान. १९०३ मध्ये स्थापन झालेल्या या युनियनच्या बोधचिन्हात आजही दोन घोड्यांची तोंडं आहेत. घोडे गेले, ट्रक आले, आणि अमेरिकेत ट्रक थांबला की सगळंच थांबतं. १९५७ मध्ये हॉफा तिचा अध्यक्ष झाला. जानेवारी १९६४ मध्ये त्याने देशभरातल्या लाखो ट्रकचालकांना एकाच करारात बांधलं. आजही जुन्या ट्रकचालकांच्या घरी त्याचं नाव आदराने निघतं ते यामुळे. तो आदर भाबडा नाही, कमावलेला आहे.

पण त्या ताकदीचा दुसरा पायाही होता. संप फोडायला मालक गुंड आणायचे. युनियनवाल्यांनीही मग गुंडांशी हातमिळवणी केली. कामापुरती झालेली ही ओळख पुढे मालकी हक्क सांगू लागली. १९५५ मध्ये सुरू झालेला सेंट्रल स्टेट्स पेन्शन फंड हे तिचं सर्वात मोठं फळ. ट्रकचालकांच्या म्हातारपणासाठी जमा होणारा हा पैसा लास व्हेगासमधल्या कॅसिनोंना कर्जाऊ जाऊ लागला. सरळ बँका ज्या धंद्याला दारात उभं करत नव्हत्या, त्या धंद्याला हा फंड भांडवल पुरवायचा. कर्ज कुणाला मिळणार, हे टोळ्यांच्या शब्दावर ठरू लागलं.

सिनेटच्या चौकशी समितीचा मुख्य वकील रॉबर्ट केनेडी या व्यवहारांच्या मागे लागला, आणि पुढे ॲटर्नी जनरल झाल्यावर त्याने हॉफासाठी वकिलांचं वेगळं पथकच नेमलं. १९६४ मध्ये हॉफाला दोन खटल्यांत शिक्षा झाली: ज्युरीला फितवण्याबद्दल आठ वर्षं आणि पेन्शन फंडातल्या गैरव्यवहाराबद्दल पाच. मार्च १९६७ मध्ये तो पेनसिल्व्हेनियातल्या लुइसबर्गच्या तुरुंगात दाखल झाला. खुर्ची सांभाळायला त्याने आपला विश्वासू फ्रँक फिट्झसिमन्स याला बसवलं.

पुढच्या साऱ्या प्रकरणाची मेख इथे आहे. फिट्झसिमन्स कमकुवत होता आणि टोळ्यांना तो तसाच हवा होता. हॉफा त्यांच्याशी सौदा करायचा, पण घासाघीस करून, कधी नकारही देऊन. फिट्झसिमन्सच्या काळात कर्जं सहज सुटू लागली. १९७४ मध्ये स्टारडस्ट कॅसिनो घेण्यासाठी या फंडातून ६ कोटी २७ लाख ५० हजार डॉलरचं कर्ज मंजूर झालं. त्या कॅसिनोच्या गल्ल्यातली रोकड मोजण्याआधीच काढून मध्यपश्चिमेतल्या टोळ्यांना पोहोचवली जात होती, हे पुढे ऐंशीच्या दशकात कॅन्सस सिटीच्या खटल्यांत सिद्ध झालं. अशी दुभती गाय दारात बांधलेली असताना जुना मालक परत यावा, असं कुणाला वाटेल?

आणि तो परत येत होता. २३ डिसेंबर १९७१ रोजी राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी त्याची उरलेली शिक्षा माफ केली, पण मार्च १९८० पर्यंत कोणत्याही कामगार संघटनेच्या कारभारात भाग घ्यायचा नाही, या अटीवर. ही अट फिट्झसिमन्सच्या गोटातून घुसवली गेली, असा हॉफाचा आरोप होता. तो कोर्टात गेला, हरला, अपिलात गेला. सोबत तो उघडपणे सांगू लागला की परत आलो की टोळ्यांना फंडाजवळ फिरकू देणार नाही. ज्याने त्याच टोळ्यांबरोबर पंधरा-वीस वर्षं व्यवहार केले, त्याच्या तोंडी ही भाषा धोक्याची होती. त्याला सगळे हिशेब माहीत होते. १० जुलै १९७५ रोजी डेट्रॉइटमधल्या एका बारबाहेर फिट्झसिमन्सच्या मुलाची गाडी बॉम्बने उडाली. आत कुणी नव्हतं. यानंतर वीस दिवसांनी हॉफा रेड फॉक्सला गेला.

त्या दिवशी तो दोघांना भेटणार होता. जियाकालोनी मध्यस्थ आणि दुसरा अँथनी प्रोव्हेन्झानो, ‘टोनी प्रो’. न्यू जर्सीतल्या युनियन सिटीच्या लोकल ५६० चा, म्हणजे टीमस्टर्सच्या स्थानिक शाखेचा, सर्वेसर्वा आणि जेनोव्हीज या माफिया टोळीचा कॅपो, म्हणजे एका गटाचा म्होरक्या. दोघं लुइसबर्गला एकाच वेळी तुरुंगात होते आणि तिथेच पेन्शनच्या विषयावरून त्यांचं कायमचं बिनसलं होतं. समेटासाठी म्हणून ही भेट होती. प्रत्यक्षात जियाकालोनी त्या दुपारी साउथफील्डच्या एका ॲथलेटिक क्लबमध्ये सगळ्यांना दिसेल असा वावरत होता, आणि प्रोव्हेन्झानो हजार किलोमीटरच्या आसपास दूर युनियन सिटीत पत्ते खेळत होता. अशी भेट ठरलीच नव्हती, असं दोघांनीही सांगितलं.

प्रोव्हेन्झानोच्या बाबतीत एक जुनी गोष्ट लोक विसरतात, आणि माझ्या मते या प्रकरणातलं सर्वात बोलकं तेच आहे. १९६१ मध्ये लोकल ५६० मधला त्याचा प्रतिस्पर्धी अँथनी कॅस्टेलिटो असाच नाहीसा झाला. प्रेत आजतागायत मिळालेलं नाही. त्या खुनाबद्दल प्रोव्हेन्झानोला सतरा वर्षांनी, १९७८ मध्ये, जन्मठेप झाली. त्याच खटल्यातला दुसरा आरोपी साल्व्हातोर ब्रिग्युग्लिओ खटला उभा राहण्याआधीच, मार्च १९७८ मध्ये, न्यूयॉर्कच्या लिटल इटलीत भररस्त्यावर गोळ्या घालून मारला गेला. हॉफा प्रकरणात प्रत्यक्ष हात कुणाचा, या यादीत एफबीआयने सर्वात वर ठेवलेल्या नावांपैकी हे एक नाव. म्हणजे प्रतिस्पर्धी युनियनमधला, प्रेत गायब, माणसंही तीच. हॉफाच्या वेळी काही नवं घडलं नव्हतं. चौदा वर्षांपूर्वी जमलेली पद्धत पुन्हा वापरली गेली, असं मानायला जागा आहे.

एफबीआयचा अंदाज जानेवारी १९७६ मध्येच कागदावर आला होता. ‘हॉफेक्स मेमो’ या छप्पन्न पानी टिपणात प्रोव्हेन्झानो, जियाकालोनी, ब्रिग्युग्लिओ बंधू, अँड्रेटा बंधू, पेनसिल्व्हेनियाचा टोळीप्रमुख रसेल बुफालिनो, त्याचा माणूस फ्रँक शीरन अशी नावं आहेत. हेतूही तोच: हॉफाचं युनियनमध्ये परतणं रोखणं. डेट्रॉइटच्या ग्रँड ज्युरीसमोर, म्हणजे खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळासमोर, संशयित एकेक करून आले आणि स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क देणाऱ्या घटनेतल्या पाचव्या दुरुस्तीचा आधार घेऊन गप्प राहिले. पन्नास वर्षांत या यादीत फारसा बदल झालेला नाही. हॉफाच्या खुनासाठी मात्र कुणावरही आरोपपत्र दाखल झालं नाही.

मग तर्कांचा बाजार भरला तो ‘कुठे’चा. राल्फ पिकार्डो या खबऱ्याने सांगितलं की प्रेत पन्नास-पंचावन्न गॅलनच्या पिंपात घालून न्यू जर्सीला नेलं. त्यावरून जर्सी सिटीतल्या पुलास्की स्कायवेखालच्या कचरा डेपोत १९७५ मध्येच शोध झाला. डेट्रॉइटजवळच्या हॅम्ट्रॅमकमधल्या कचरा कंपनीच्या भट्टीत जाळलं, हा दुसरा तर्क. ती जागा फेब्रुवारी १९७६ मध्ये आगीत गेली, त्यामुळे तपासायला काही उरलं नाही. १९८९ मध्ये एका सराईत गुन्हेगाराने एका मासिकाला सांगितलं की हॉफा न्यू जर्सीच्या जायंट्स स्टेडियमखाली आहे. सर्वात जास्त गाजलेला आणि सर्वात कमी आधाराचा तर्क हाच. २०१० मध्ये स्टेडियम पाडलं गेलं, काही निघालं नाही.

शीरनने मरण्यापूर्वी, म्हणजे २००३ पूर्वी, डेट्रॉइटच्या वायव्य भागातल्या एका घरात आपण स्वतः हॉफाला गोळी घातल्याचं सांगितलं. पोलिसांनी २००४ मध्ये त्या घराच्या लाकडी फळ्या उखडल्या. रक्ताचे डाग मिळाले. ते हॉफाचे नाहीत, असं प्रयोगशाळेने २००५ मध्ये कळवलं. २००६ मध्ये एका कैद्याच्या सांगण्यावरून मिलफर्डजवळच्या शेतात एफबीआयने दोन आठवडे खणलं आणि एक अख्खी गोठ्याची इमारत पाडली. २०१३ मध्ये डेट्रॉइट टोळीचा म्हातारा सदस्य टोनी झेरिली याने ओकलंड टाउनशिपमधली जागा दाखवली. तो स्वतः १९७५ मध्ये तुरुंगात होता, म्हणजे माहिती ऐकीव, आणि दाव्याबरोबर आपली हकिगतही त्याने विक्रीला काढली होती. तीन दिवस खणून हाती माती. ऑक्टोबर २०२१ मध्ये एफबीआय पुन्हा पुलास्की स्कायवेखाली आली आणि २०२२ मध्ये तिथेही काही नसल्याचं जाहीर झालं.

हे सगळे दावे ओळीने वाचले की एक गोष्ट खटकते. प्रत्येक सांगणाऱ्याला काहीतरी हवं होतं: शिक्षेत सूट, पैसे, नाहीतर मरताना मोठेपण. खोटं सगळेच बोलत असतील असं नाही. पण टोळीत काम वाटून दिलं जातं. गाडी चालवणाऱ्याला घर माहीत, घरातल्याला पुढची गाडी माहीत नाही. त्यामुळे खरं बोलणाऱ्यालाही बहुधा आपला तुकडाच ठाऊक असतो, बाकीचं तो अंदाजाने जोडतो.

एक मोठा राजकीय तर्कही आहे. जून १९७५ मध्ये शिकागोचा सॅम जियांकाना घरात गोळ्या लागून मेला, पुढच्या वर्षी जॉनी रोझेलीचं प्रेत मायामीजवळ पिंपात सापडलं. कॅस्ट्रोला मारण्याच्या सीआयएच्या कटात हे दोघे होते. या दोन मृत्यूंच्या मधे हॉफा नाहीसा झाला, म्हणून त्यालाही या माळेत ओवलं जातं. तारखा जवळच्या आहेत, एवढाच पुरावा. पेन्शन फंडाचा हेतू समोर असताना इतक्या लांब जायचं कारण मला दिसत नाही.

सर्वात अन्यायाचा तर्क ठरला तो चकी ओब्रायनबद्दलचा. हॉफाच्या घरात वाढलेला, मानलेला मुलगा. त्या दिवशी त्याने जियाकालोनीच्या मुलाची तांबडी मर्क्युरी गाडी वापरली होती. मागच्या सीटवरच्या रक्ताचं कारण त्याने दिलं ते एका भेट आलेल्या सामन माशाचं, आणि ते रक्त माशाचंच निघालं. पण पोलिसांच्या कुत्र्यांनी गाडीत हॉफाचा वास ओळखला आणि २००१ मध्ये तिथल्या केसाचा डीएनए हॉफाशी जुळला. कुटुंबातल्या माणसाचा केस ओळखीच्या गाडीत मिळणं म्हणजे गुन्हा नव्हे. २००२ मध्ये स्थानिक सरकारी वकिलानेही खटला भरता येत नसल्याचं सांगितलं. तरी ‘बापाला सापळ्यापर्यंत घेऊन गेलेला’ हा शिक्का त्याच्यावर बसला आणि हॉफाच्या सख्ख्या मुलाशीही नातं तुटलं.

हॉफाला १९८२ मध्ये कायद्याने मृत ठरवण्यात आलं. बायको जोसेफिन त्याआधी दोन वर्षं गेली होती. प्रोव्हेन्झानो १९८८ मध्ये तुरुंगात मेला, बुफालिनो १९९४ मध्ये, जियाकालोनी २००१ मध्ये. टीमस्टर्सवर १९८९ पासून संघराज्य सरकारची देखरेख बसली, १९९१ मध्ये सभासदांनी पहिल्यांदा थेट मतदानाने अध्यक्ष निवडला, आणि पुढे हॉफाचाच मुलगा १९९९ ते २०२२ अध्यक्ष राहिला.

ओब्रायनचा कायद्याचा प्राध्यापक असलेला सावत्र मुलगा शेवटची काही वर्षं एफबीआयचे जुने कागद आणि निवृत्त तपास अधिकारी यांच्यामागे फिरत राहिला. गाडी ओब्रायनने चालवली नसावी, असं त्यातल्या काहींचं मत बनलं होतं. तसं लेखी पत्र सरकारकडून मिळेल, अशी आशा एकदा निर्माणही झाली. पत्र आलं नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये ओब्रायन वारला, तेव्हाही अधिकृत कागदांत त्याचं नाव संशयितांमध्येच होतं.