मिग-२१ चे पूर्वज

नाशिकजवळ मुंबई-आग्रा महामार्गावरच्या ओझरच्या वसाहतीला पंचक्रोशीत ‘ओझर मिग’ म्हणतात. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री आणि नाशिकचे खासदार असताना, १९६४ मध्ये, हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना येथे आला. त्यातून शेकडो मिग-२१ विमाने बाहेर पडली. २१ हा आकडा त्यामुळे नाशिककरांच्या तोंडी बसला. त्याआधीचे आकडे मात्र फारसे कोणाला ठाऊक नाहीत.

‘मिग’ हे आर्तेम मिकोयान आणि मिखाईल गुरेविच यांच्या आडनावांवरून झालेले नाव. मधला ‘इ’ म्हणजे रशियन भाषेतले ‘आणि’. सोव्हिएत पद्धतीत लढाऊ विमानांना विषम आकडे मिळत, म्हणून मिग-२ किंवा मिग-४ लढाऊ ताफ्यात दिसत नाहीत. मिग-८ हा सम आकडा आहे, कारण ते लढाऊ विमान नव्हतेच. १९४५ चे हे छोटे लाकडी प्रायोगिक विमान. त्याचा पंखा मागे आणि आडवे शेपूट पुढे, म्हणून त्याला ‘उत्का’, म्हणजे बदक, म्हणत.

मिग-१ ने १९४० मध्ये पहिले उड्डाण केले. ते जेमतेम शंभर बनले; सुधारित मिग-३ तीन हजारांवर. दोन्ही पंख्याची विमाने.

खरा पूर्वज मिग-९ मानावा. एप्रिल १९४६ मध्ये उडालेले हे या घराण्यातले पहिले जेट लढाऊ विमान. त्याची इंजिने जर्मन बीएमडब्ल्यू इंजिनांवरून बनवलेली होती आणि हवा नाकातून आत जाई. त्या हवेच्या तोंडातच ३७ मिलिमीटरची तोफ बसवली होती. उंचावर तोफ डागली की तिचा धूर इंजिनात शिरून इंजिन बंद पडे. पुढच्या मिग-१५ मध्ये तोफा नाकाखाली गेल्या आणि पंख ३५ अंश मागे वळले. त्याचे इंजिन ब्रिटनने १९४६ मध्ये विकलेल्या रोल्स-रॉइस नीनची नक्कल होते. १९५० मध्ये कोरियाच्या आकाशात या विमानाने सर्वांना चकित केले.

मिग-१७ ही त्याचीच सुधारित आवृत्ती, तर मिग-१९ सरळ उड्डाणात ध्वनीपेक्षा वेगवान. मिग-२१ साठी १९५५ मध्ये दोन नमुने उडवले गेले. ये-२ चे पंख मागे वळलेले, ये-४ चे त्रिकोणी. त्रिकोणी पंख निवडले गेले. ये-२ च्या पुढच्या रूपाला काही काळ मिग-२३ हा आकडाही दिला होता. तो नंतर वेगळ्याच विमानाला मिळाला.

नाकातून हवा घेण्याची मिग-९ ची रीत २१ पर्यंत टिकली, फक्त तोंडात शंकू आला. मिग-२३ मध्ये हवेची तोंडे दोन्ही बाजूंना सरकली. तीच ठेवण ओझरला बनलेल्या मिग-२७ ची.